मिठाच्या परीक्षेत पास, स्ट्रिपवर नापास

अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत गर्भचाचणीच्या स्ट्रिप बनवणारं एक छोटं युनिट आहे. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तिथली एक बॅच क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, अडकली. टेस्ट लाइन इतकी फिकट की स्ट्रिप ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघावी लागत होती, आणि कंट्रोल लाइनही जवळजवळ तेवढीच फिकट. कंजुगेशन, म्हणजे सोन्याच्या सूक्ष्म कणांवर अँटिबॉडी बसवण्याचं काम, बघणारी केमिस्ट माझी जुनी विद्यार्थिनी. तिचा फोन आला तेव्हा ती रेषांपेक्षा सोन्याबद्दलच जास्त बोलत होती. "मॅडम, गोल्ड एकदम मस्त आहे हो. मीठ टाकलं तरी लालच्या लाल. मग लाइन का येत नाही?"

हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते या प्रश्नामुळे. धातूच्या सूक्ष्म कणांवर लेप कशाला, तर 'स्थैर्यासाठी', असं एका शब्दात आपण वर्गात उरकून टाकतो. इथे लेप होता, स्थैर्यही होतं, आणि माल तरी टाकाऊ होता.

स्ट्रिप चालते कशी ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा तपास त्यावर उभा आहे. लघवीचे थेंब सॅम्पल पॅडवर पडतात, शेजारच्या कंजुगेट पॅडवर वाळवून ठेवलेले सोन्याचे कण सोबत घेतात आणि नायट्रोसेल्युलोजच्या मेम्ब्रेनवरून पुढे सरकतात. या कणांवर उंदराची अँटिबॉडी बसवलेली असते, ती एचसीजी या संप्रेरकाला पकडते. टेस्ट लाइनवर दुसरी अँटिबॉडी आखलेली असते. ती त्याच एचसीजीला दुसऱ्या जागी धरते, कण तिथे अडकतात आणि गुलाबी रेघ उमटते. कंट्रोल लाइनला मात्र एचसीजीशी काही देणंघेणं नाही. तिथे शेळीची अँटिबॉडी असते आणि ती उंदराच्या अँटिबॉडीला पकडते. म्हणजे बाई गरोदर असो वा नसो, कणावर उंदराची अँटिबॉडी असेल तर ही रेघ आलीच पाहिजे.

मुंबईत जुलैमध्ये काहीही बिघडलं की पहिला आरोपी म्हणजे दमट हवा. स्ट्रिपची जुळणी कोरड्या खोलीत करावी लागते, आणि तिथला डीह्युमिडिफायर मध्येच काही तास बंद पडला होता. मालकांनी तिथेच निकाल लावून टाकला होता: मेम्ब्रेनने ओल धरली. पण जूनच्या कंजुगेटची एक अर्धवट बाटली फ्रिजमध्ये शिल्लक होती. ते जुनं कंजुगेट त्याच नव्या मेम्ब्रेनवर चालवलं आणि दोन्ही रेषा ठसठशीत उमटल्या. मेम्ब्रेन निर्दोष सुटली. दुसरा संशय पाण्यावर, पावसात टाकीत काहीतरी गेलं असेल म्हणून. पाण्यात क्षार वाढले असते तर सोनं कंजुगेशनच्या आधीच जांभळं पडलं असतं. तसं काही झालेलं नव्हतं.

मग राहिलं सोनं. क्लोरोऑरिक आम्लाच्या उकळत्या द्रावणात सोडियम सायट्रेट घातलं की फिकट पिवळं पाणी आधी करडं-निळं होतं आणि काही मिनिटांत गडद लाल. ही पद्धत टर्केविच यांनी १९५१ मध्ये बारकाईने मांडली. सायट्रेट कमी घातलं की कण मोठे होतात हे फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवलं. स्ट्रिपवाले साधारण ४० नॅनोमीटरचे कण पसंत करतात. केमिस्टने आलेख समोर ठेवला: प्रकाशाच्या शोषणाचं शिखर ५२८ नॅनोमीटरला, रुंदी मागच्या बॅचेसइतकीच. सोन्यात खोट नव्हती.

मालकांना टीईएमचा, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा, फोटो हवा होता. "पवईला आयआयटीत पाठवू, पैसे गेले तर गेले." मी नको म्हटलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात सोनं काळंभोर दिसतं, कारण जड अणू इलेक्ट्रॉन जोरात विखुरतात. त्यावरचं प्रथिन कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनचं, म्हणजे खालच्या कार्बनच्या पडद्यासारखंच. युरेनिल अॅसिटेटसारखा रंजक वापरला तर कणाभोवती पुसटसं वलय दिसतं, पण ते कुठल्या प्रथिनाचं हे काही कळत नाही. फोटो सुंदर आला असता. भिंतीवर लावायला बरा.

आता मिठाकडे येऊ. सायट्रेटने बनवलेले सोन्याचे कण ऋणभारित असतात आणि त्या भाराच्या जोरावर एकमेकांना लांब ठेवतात. ही दूर ढकलण्याची पोच द्रावातल्या आयनांवर अवलंबून असते. कोलॉइडमध्ये, म्हणजे सूक्ष्म कण तरंगत असलेल्या द्रावात, क्षार थोडे असतात तोवर ती काही नॅनोमीटर असते. एक मिलिलिटर द्रावात १० टक्के मिठाचं पाणी १०० मायक्रोलिटर घातलं की ती एका नॅनोमीटरच्या आत येते. कण जवळ येतात, चिकटतात, आणि एकमेकांना खेटलेल्या कणांमधले इलेक्ट्रॉन एकत्र डोलू लागल्यामुळे शोषण ६०० नॅनोमीटरच्या पुढे सरकतं. डोळ्याला दिसतं ते लालाचं जांभळं, मग निळं. फॅरडेंनी हा बदल १८५७ मध्येच टिपला होता. कणावर प्रथिनाचं जाड आवरण असेल तर भार दबला तरी कण एकमेकांना टेकत नाहीत, आणि रंग लालच राहतो.

बी.एस्सी.ला ज्याने कोलॉइड वाचलंय त्याला ही परीक्षा ओळखीची वाटेल. झिगमाँडी यांनी १९०१ मध्ये मांडलेला गोल्ड नंबर तो हाच: १० मिलिलिटर सुवर्णद्रावात १० टक्के मिठाचं १ मिलिलिटर पाणी घातल्यावर रंग बदलू नये म्हणून संरक्षक कोलॉइडचे किमान किती मिलिग्रॅम लागतात तो आकडा. जिलेटिनचा अगदी कमी, स्टार्चचा कितीतरी जास्त. परीक्षेला हमखास येतो. पण हा आकडा संरक्षण मिळालं की नाही एवढंच सांगतो. संरक्षण कोणी दिलं, हे विचारायची सोय त्यात नाही.

म्हणून केमिस्टला मी विचारलं की मीठ किती अँटिबॉडीवर पास झालं. तिने वही उघडली. ही चाचणी आठ-दहा छोट्या नळ्यांत करतात. प्रत्येकीत तेवढंच सोनं, अँटिबॉडी चढत्या प्रमाणात, मग सगळ्यांत मीठ. ज्या नळीपासून पुढे लाल टिकतो तो किमान डोस. जूनपर्यंतच्या लॉटला दर मिलिलिटरला ६ मायक्रोग्रॅम लागायचे, त्यावर थोडं जास्त म्हणून ८ घालायचे. नवा लॉट नव्या पुरवठादाराकडचा होता, आणि त्याची पहिलीच नळी, १ मायक्रोग्रॅमची, लाल राहिली होती. बिनअँटिबॉडीची नळी शेजारी निळी पडलेली, म्हणजे मीठही ठीक होतं. खरेदी बघणारे काका खूश. "अँटिबॉडी पॉवरफुल आहे मॅडम, थोडीशीच पुरते. आणि दरही कमी लावलाय." त्या हिशेबाने मालकांनी डोस ८ वरून २ वर आणला होता.

इथे आकडेमोड करून बघण्यासारखी आहे. ४० नॅनोमीटर व्यासाच्या कणाचं पृष्ठफळ सुमारे ५,००० चौरस नॅनोमीटर. एक अँटिबॉडी पृष्ठभागावर अंदाजे ५० चौरस नॅनोमीटर जागा अडवते असं धरलं तर एका कणावर शंभरेक मावतात. ओडी १ च्या (शोषण १ येणाऱ्या) द्रावात दर मिलिलिटरला सुमारे ९,००० कोटी कण असतात. शंभराने गुणलं, अँटिबॉडीचं वजन दीड लाख डाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) धरलं, की उत्तर येतं २ मायक्रोग्रॅमच्या जरा वर. प्रत्यक्षात सगळ्या रेणूंना जागा सापडत नाही, म्हणून ५ ते १० लागतात. पण हिशेब कितीही ओढाताण करून मांडला तरी १ मायक्रोग्रॅममध्ये निम्मा पृष्ठभागही झाकला जात नाही, आणि अर्धा उघडा कण मिठात लाल राहत नाही. अँटिबॉडी कितीही पॉवरफुल असली तरी तिचा आकार काही वाढत नाही. म्हणजे बाटलीत दुसरं काहीतरी होतं.

शोधायला महागडं यंत्र लागलं नाही. अँटिबॉडी दहापट पातळ करून २८० नॅनोमीटरला शोषण वाचायला सांगितलं. लेबलवर १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर लिहिलेलं. तेवढ्या अँटिबॉडीचं शोषण १.४ यायला हवं, म्हणजे पातळ केल्यावर ०.१४. आलं ०.८ च्या आसपास. केमिस्टला वाटलं क्युव्हेट मळलाय. तिने धुऊन परत वाचलं, तेच. मग पुरवठादाराचं डेटाशीट मागवलं. दुसऱ्या पानावर, साठवणुकीच्या सूचनांच्या खाली, बारीक अक्षरांत: १ टक्का बीएसए, सोडियम अझाइड. बीएसए म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन. एक टक्का म्हणजे दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम, आणि त्याचं शोषण दर मिलिग्रॅमला ०.६६. दहा मिलिग्रॅमचे ६.६ अधिक अँटिबॉडीचे १.४, बेरीज बरोबर ८.

पुरवठादाराला दोष देता येत नाही. पातळ अँटिबॉडी बाटलीच्या काचेला किंवा प्लास्टिकला चिकटून वाया जाते, ती टिकावी म्हणून बीएसए घालण्याची रीत जुनी आहे. एलिसासारख्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत ती द्रावात तशीच घालणाऱ्याला त्याचा सहसा त्रास नाही. सोन्यावर बसवणाऱ्याला आहे.

मालकांचं आकड्यांवर समाधान होईना, म्हणून प्रथिनं वजनानुसार वेगळी करणारं जेल चालवलं. जुना लॉट, नवा लॉट आणि शेजारी वजनांची शिडी, कूमासी या निळ्या रंगाने रंगवून रात्रभर धुतलं. सकाळी जुन्या लॉटच्या गल्लीत दोन नेटके पट्टे होते, ५० हजार आणि २५ हजार डाल्टनला, अँटिबॉडीच्या जड आणि हलक्या साखळ्यांचे. नव्या लॉटच्या गल्लीत ६६ हजारांवर एक जाडजूड निळा ठिपका, इतका फुगलेला की बाजूच्या गल्लीत घुसत होता. अँटिबॉडीचे पट्टे त्याच्याखाली होते, पण शोधून दाखवावे लागले. मालक काही बोलले नाहीत. काकांनी चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं.

वजनात दहापट म्हणजे रेणूंच्या संख्येत साधारण बावीसपट, कारण बीएसएचा रेणू अँटिबॉडीच्या निम्म्याहून हलका. लहान रेणू द्रावात पळतोही जोरात. शिवाय बीएसएवर गंधकाचा एक मोकळा थायॉल गट असतो, आणि गंधकाची सोन्याशी जवळीक जगजाहीर आहे. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे असतात, तसं बीएसएचं झालं. अँटिबॉडी दारातून शिस्तीत चढेपर्यंत सगळ्या जागा भरलेल्या.

या प्रकरणात मला सगळ्यात रस वाटला तो एका गोष्टीत: दोन्ही कंजुगेट बहुतेक चाचण्यांत सारखेच दिसत होते. प्रथिनाचा अपवर्तनांक पाण्याहून जास्त, पाण्याचा १.३३ तर प्रथिनाचा १.४५ च्या आसपास. त्यामुळे कणावर कुठलंही प्रथिन बसलं की शोषणाचं शिखर तीन-चार नॅनोमीटर उजवीकडे सरकतं. जुन्या कंजुगेटचं सरकलं, नव्याचंही सरकलं. मिठात दोन्ही लाल. सेंट्रिफ्यूज करून तळाशी बसलेलं पेलेट परत मिसळलं तर दोन्ही सहज मिसळले. थोडा फरक दाखवला तो डीएलएसने, म्हणजे प्रकाशाच्या विखुरण्यावरून द्रावातल्या कणाचा आकार मोजणाऱ्या यंत्राने. उघडा कण चाळीसच्या जरा वर, जुनं कंजुगेट साठीच्या घरात, नवं पन्नाशीच्या. अँटिबॉडी मोठी, तिचं आवरण जाड, अल्ब्युमिनचं पातळ. पण डीएलएसवर एकट्याने भिस्त ठेवू नये. विखुरलेला प्रकाश आकाराच्या सहाव्या घाताने वाढतो, त्यामुळे चार गुठळ्या असल्या तरी सरासरी फुगते.

मालकांचा एक प्रश्न मात्र नेमका होता: "लेपामुळे आतलं सोनंच बदललं असं होऊ शकतं का?" इथे, नाही. ४० नॅनोमीटरच्या कणात सुमारे वीस लाख अणू असतात आणि त्यातले पृष्ठभागावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. बाकीचे आत, नेहमीच्या सोन्याच्या जाळीत. अल्ब्युमिन असो की अँटिबॉडी, आतल्या अणूंना बाहेरच्या पाहुण्याचा पत्ताही नसतो. कण दोन नॅनोमीटरच्या आसपास आला की चित्र पालटतं. तिथे निम्म्याहून जास्त अणू पृष्ठभागावर असतात, आणि लेप कोणता यावर कणाची रचनाच ठरते. २००७ मध्ये कॉर्नबर्ग यांच्या गटाने १०२ सोन्याचे अणू आणि ४४ थायॉल रेणू असलेल्या गुच्छाची स्फटिकरचना छापली. त्याआधी बहुतेकांची कल्पना अशी की थायॉल गुळगुळीत सोन्यावर केसांसारखे उभे असणार. प्रत्यक्षात ७९ अणूंचा गाभा निघाला, आणि उरलेले २३ अणू त्यातून बाहेर ओढले जाऊन दोन गंधकांच्या मध्ये बसलेले. लेप आणि धातू यांच्यातली सीमारेषाच तिथे पुसली जाते. अशा गुच्छांना लाल रंग देणारं ते ठळक शोषणशिखरही नसतं. त्यांचा वर्णपट एखाद्या रेणूसारखा, पायऱ्यापायऱ्यांचा असतो.

म्हणजे 'लेपाचा कणावर परिणाम' या एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात. बारीक कणात लेप धातूला घडवतो. मोठ्या कणात धातू तसाच राहतो आणि लेप फक्त एवढंच ठरवतो की बाहेरच्या जगाला हा कण कोण म्हणून भेटणार. अंधेरीच्या बॅचमध्ये सोन्याचे कण जगाला अल्ब्युमिन म्हणून भेटत होते, आणि कंट्रोल लाइनवरच्या शेळीच्या अँटिबॉडीला अल्ब्युमिनशी काही कर्तव्य नव्हतं.

दुरुस्तीचा पहिला प्रस्ताव मालकांचा: तयार कंजुगेटमध्येच वरून जास्त अँटिबॉडी ओतू. प्रथिनं पृष्ठभागावरून एकमेकांना हुसकावतात हे खरं, रक्तात शिरलेल्या कणांवर तर हा खेळ सतत चालू असतो. पण इथे तासाभरात रेषेत डोळ्याला दिसेलसा फरक पडला नाही आणि अँटिबॉडी मात्र गेली. दुसरा प्रस्ताव, कार्बॉक्सिल टोकाचा थायॉल-पीईजी (एक लांब साखळीचा रेणू) आधी बसवून त्याला अँटिबॉडी रासायनिक बंधाने जोडायची. पद्धत चांगली आहे, पण ती जोडणी प्रथिनावरच्या अमाइन गटांतून होते आणि बीएसएवर असे गट डझनावारी आहेत. बाटलीत तो असेपर्यंत तिथेही तोच पुढे घुसणार.

तेव्हा बीएसए बाजूला काढणं हाच उपाय. गाळणीचं काम नाही, दोघांच्या वजनात पुरेसं अंतर नाही. प्रोटीन-जीचा छोटा कॉलम वापरला. तो अँटिबॉडी धरून ठेवतो आणि अल्ब्युमिन वाहून जातं. उंदराच्या काही अँटिबॉडी प्रोटीन-एला नीट चिकटत नाहीत, म्हणून जी. मग आम्लधर्मी ग्लायसिनने अँटिबॉडी सोडवायची, लगेच उदासीन करायची, आणि कमी क्षारांच्या बोरेट बफरमध्ये बदलून घ्यायची, कारण बफरमधलं मीठही उघड्या सोन्याला जांभळं करायला पुरतं. या उठाठेवीत थोडी अँटिबॉडी वाया गेली.

कंजुगेशन परत लावलं त्या दिवशी मी तिथे होते. केमिस्ट सोन्याचा पीएच ८.५ ला आणत होती, पोटॅशियम कार्बोनेट थेंबाथेंबाने घालत, चुंबकाचा दांडा फिरतोय, आणि दर वेळी काचेच्या कांडीने एक थेंब पीएच पेपरवर. शेजारी पीएच मीटर होता तो तिने हातात घेतला नाही. नवीन आलेल्या मुलाने कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "प्रोब बुडवलास तर सोनं प्रोबच्या तोंडाशी बसतं आणि प्रोबमधलं मीठ सोन्यात उतरतं. दोन्ही फुकट." मग नळ्यांची रांग लावली. या वेळी १, २, ३ निळ्या-जांभळ्या पडल्या, ५ वर जरा मळकट लाल, ६ पासून पुढे स्वच्छ. निळ्या नळ्या बघून इतका आनंद झालेला मालक मी पहिल्यांदाच पाहिला. ८ च्या डोसने बॅच केली, मोकळ्या राहिलेल्या फटी बुजवायला शेवटी बीएसए घातलं (तेच प्रथिन, फक्त आता त्याची पाळी शेवटची), स्ट्रिपवर चालवलं. कंट्रोल लाइन पाचेक मिनिटांत गडद गुलाबी.

खर्चाचं बोलायचं तर कॉलम लावून अँटिबॉडी सोडवत बसणं कायम परवडणारं नाही. काकांनी उरलेल्या बंद बाटल्या परत करून त्याच पुरवठादाराकडून बीएसए नसलेला माल मागवला. तो महाग आहे. स्वस्त लॉटच्या दरात कॉलम, वाया गेलेली अँटिबॉडी आणि फेकलेली बॅच मिळवल्यावर महाग माल स्वस्त पडत होता, हा हिशेब काकांनी स्वतःच कागदावर मांडून मालकांपुढे ठेवला.

कामाच्या पद्धतीत दोन गोष्टी घातल्या. अँटिबॉडीचा लॉट आला की आधी २८० चं वाचन. लेबलशी जुळलं नाही तर बाटली वेगळी ठेवायची आणि डेटाशीट शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं. आणि मिठाची चाचणी पास झालेलं कंजुगेट पॅडवर फवारण्याआधी त्याचा एक थेंब शेळीची अँटिबॉडी टिपक्याने लावलेल्या मेम्ब्रेनच्या तुकड्यावर चालवायचा. टिपका रंगला तरच पुढे. मिठात किमान डोस अचानक उतरला तर आता ती आनंदाची नाही, थांबायची खूण धरतात. नव्या बॅचच्या काही स्ट्रिप ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये टिकाऊपणाच्या तपासणीला ठेवल्या आहेत. डीह्युमिडिफायरचा कॉम्प्रेसरही बदलून घेतला, तो तसाही गेलाच होता.